उपाशी मँडरिन आणि ३३० लिटरची टाकी: कोपेपॉड निवडण्याचं आणि रुजवण्याचं एक प्रकरण

ठाण्यातल्या एका फ्लॅटमधली ही रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे एकत्र ठेवायची खार्‍या पाण्याची टाकी. आतलं माप १२० × ५५ × ५० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर ३३० लिटर. दगड आणि वाळू वजा केली की प्रत्यक्ष पाणी त्याहून बरंच कमी. खाली तीन कप्प्यांचा सम्प (गाळणीची खालची टाकी), फेसातून घाण काढणारा स्किमर, फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी), चोवीस तास चालणारा यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) आणि उन्हाळ्यासाठी चिलर. टाकीला पाच महिने झाले होते. झोआ आणि युफिलिया हे प्रवाळ छान उघडलेले, काच लख्ख, मागची काचसुद्धा. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मालक निवृत्त इंजिनिअर. रोजचं तापमान, क्षारता, अल्कलिनिटी सगळं वहीत नीट लिहिलेलं. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे, नाव मात्र दोघांच्या संमतीने गाळलं आहे.

त्यांनी बोलावलं ते मँडरिनसाठी. मासा आणून काही आठवडे झाले होते आणि तो बारीक होत चालला होता. दुकानात सांगितलं होतं की आधी कोपेपॉडची एक बाटली टाका, मग मासा न्या. कोपेपॉड, छंदात नुसतं पॉड, म्हणजे पाण्यातले जेमतेम दिसणारे कवचधारी जीव. त्यांनी तसंच केलं होतं. “अहो, बाटली पूर्ण ओतली होती, थेंबसुद्धा ठेवला नव्हता,” असं ते दोनतीनदा म्हणाले.

मँडरिन ड्रॅगोनेट, म्हणजे सिंकिरोपस स्प्लेंडिडस, हा जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम पॅसिफिकमधला मासा. १९२७ मध्ये आल्बर्ट हेर यांनी फिलिपिन्समधल्या नमुन्यावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड बुळबुळीत थर. तोंड इवलंसं. दिवसभर दगडावरून सरकत राहायचं, थांबायचं, डोळे फिरवून एकाच ठिपक्याकडे रोखून बघायचं आणि टिपायचं, हा त्याचा दिनक्रम. टिपतो ते मुख्यतः तळाला राहणारे कोपेपॉड आणि त्यांच्याच आकाराचे इतर बारीक जीव. समुद्रातून पकडून आणलेला मँडरिन पेलेटकडे बहुधा ढुंकूनही बघत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा खायला घालून भागेल असा हा मासा नव्हे.

समोरच्या माशाकडे नीट पाहिलं. वरून बघितला तर डोकं रुंद आणि त्यामागे अंग एकदम निमुळतं. बाजूने पाहिल्यावर छातीच्या पराच्या मागे पोट आत गेलेलं, पाठीलगतच्या स्नायूंची कड वर आलेली. पण मला जास्त खटकलं ते त्याचं टिपणं. पोट भरणारा मँडरिन एका जागी थांबून दोनचार वेळा टिपतो, मग पुढे जातो. हा एकदा चोच मारल्यासारखं करून लगेच पुढे जात होता, पुढच्या दगडावर पुन्हा तेच. तिथे काही नव्हतंच.

टाकीत नेमकं काय होतं

रात्री दिवे बंद होऊन दोन तास झाल्यावर लाल प्रकाशाचा टॉर्च घेऊन काच पाहिली. लाल उजेडाने हे जीव फारसे बिचकत नाहीत, त्यामुळे पॉड बघायला याहून सोपी पद्धत नाही. रुजलेल्या टाकीत या वेळी काचेच्या खालच्या भागात पांढरे ठिपके सरकताना दिसतात: काही जेमतेम दिसणारे, काही तिळापेक्षाही लहान पण स्पष्ट. इथे काच रिकामी होती. मग सम्पमध्ये फिल्टर फ्लॉसचा तुकडा रात्रभर ठेवून सकाळी पांढर्‍या वाडग्यात पिळला. दोन अ‍ॅम्फिपॉड (पॉडपेक्षा मोठे कवचधारी) आणि थोडा गाळ निघाला. कोपेपॉड एकही नाही.

बाटलीवरचं लेबल त्यांनी जपून ठेवलं होतं. टिग्रिओपस कॅलिफॉर्निकस. हा तांबडा, टपोरा, साधारण मिलिमीटरभर किंवा थोडा मोठा पॉड उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनार्‍यावर, अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, लाटांचे तुषार उडतात त्या खडकांवरच्या डबक्यांमध्ये राहतो. अशी डबकी उन्हाने तापतात, आटून खारट होतात, पावसाने गोडी होतात. त्या सगळ्यात तो टिकतो. म्हणून बाटलीत, कुरिअरच्या गाडीत आणि दुकानाच्या शेल्फवर तो सगळ्यात जास्त दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना दिसतो, हलताना दिसतो, गिर्‍हाईक खूश होतं. पण टाकीत पडल्यावर तो दगडाच्या फटीत फारसा दडत नाही. उघड्यावर पोहतो आणि मासे त्याला पहिल्याच काही दिवसांत संपवतात. शिवाय त्याचं मूळ घर थंड पाण्याचं. आपल्या २६-२७ अंशांच्या टाकीत तो जगतो, पण पिढ्यान्‌पिढ्या नांदण्यासाठी मी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही. माशाला जिवंत खाऊ म्हणून टिग्रिओपस उत्तम, वस्ती वसवण्यासाठी नाही.

तरीही दोष एकट्या बाटलीचा नव्हता. दुसरी कुठलीही जात ओतली असती तरी या टाकीत तिचं तेच झालं असतं, आणि त्याची कारणं समोरच होती.

पहिलं कारण म्हणजे सगळा खडक कोरडा, खाणीतला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून प्रवाळखडक उचलणं हा गुन्हा आहे आणि तो तसा असणं योग्यच आहे. त्यामुळे इथल्या बहुतेक टाक्या ड्राय रॉकवर उभ्या राहतात. जुन्या काळी परदेशी छंदकर्त्यांना लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे समुद्रातून जीवांसकट आणलेल्या खडकाबरोबर, जी अख्खी वसाहत फुकट मिळायची, ती आपल्याला एकेक करून वसवावी लागते. दुसरं कारण: शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट आणि रोज घासली जाणारी काच. कोपेपॉड खातात ते शेवाळाचा पातळ थर, जिवाणू, गाळ आणि पाण्यातलं फायटोप्लँक्टन (तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, थोडक्यात फायटो). यातलं काहीच तिथे टिकू दिलेलं नव्हतं. तिसरं, जे थोडे पॉड फिरत होते ते फिल्टर सॉकमध्ये अडकत होते किंवा यूव्हीतून जात होते. आणि चौथा होता सिक्सलाइन रास. हा मासा दिवसभर नेमकी याच पॉडची शिकार करतो आणि मँडरिनपेक्षा दहापट चपळ आहे.

मालकांना चौथं कारण लगेच पटलं, दुसरं पटायला वेळ लागला. स्वच्छ पाणी हे त्यांच्या पाच महिन्यांच्या मेहनतीचं फळ होतं, आणि मी त्यांना फॉस्फेट रिमूव्हर कमी करायला सांगत होतो.

कुठली जात, आणि का

आम्ही चार पर्याय समोर ठेवले. टिग्रिओपसबद्दल वर लिहिलंच. पार्व्होकॅलॅनस हा पूर्णवेळ पाण्यात तरंगणारा कॅलॅनॉइड. त्याची पिल्लं इतकी सूक्ष्म की समुद्री माशांच्या नवजात पिल्लांचा पहिला घास म्हणून जगभरच्या हॅचरी ती वापरतात. केरळात विळिंजम इथल्या सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रातही माशांच्या पिल्लांसाठी कोपेपॉड वाढवण्याचं काम चालतं. पण पार्व्होकॅलॅनसला सतत जिवंत फायटो लागतं, आणि पंप, स्किमर, प्रवाह असलेल्या घरच्या टाकीत तो टिकवणं फार अवघड. शिवाय इथे मासा दगडावरून टिपणारा आहे, पाण्यातून नव्हे. हा पर्याय लगेच बाद झाला.

राहिले टिस्बे आणि अपोसायक्लॉप्स. टिस्बे हा हार्पॅक्टिकॉइड, म्हणजे तळाला, दगडाला, शेवाळाला धरून राहणारा. टिग्रिओपसपेक्षा लहान, फिकट, दिवसा दिसतच नाही. बाटलीत बघितला तर गिर्‍हाईक म्हणेल, यात आहे काय? पण फटीत राहतो, गाळावर जगतो आणि उबदार पाण्यात साधारण दीड-दोन आठवड्यांत नवी पिढी तयार करतो. मँडरिनचं निसर्गातलं खाणं याच गटातलं. अपोसायक्लॉप्स पॅनामेन्सिस हा सायक्लोपॉइड. थोडा पृष्ठभागावर, थोडा पाण्यात, उष्ण पाण्याला सरावलेला, क्षारतेतले चढउतार झेलणारा. त्याची पिल्लं पाण्यात पोहतात, त्यामुळे प्रवाळांनाही काही घास मिळतात. मुख्य वस्ती टिस्बेची आणि जोडीला अपोसायक्लॉप्स, असं ठरलं. मला विचाराल तर आपल्या हवामानात पहिली बाटली टिस्बेचीच घ्यावी.

बाटल्या कुरिअरने आल्या त्या मे महिन्यात, त्यामुळे आधी तपासणी. बाटलीतला चमचाभर पाण्याचा नमुना पांढर्‍या बशीत काढला आणि भिंगाखाली धरला. इथे एक गोष्ट फार उपयोगी पडते. अपोसायक्लॉप्सच्या मादीच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी लटकते. टिस्बेच्या मादीला पोटाखाली एकच. भिंगातून हे साफ दिसतं, आणि लेबलावर जे लिहिलंय तेच बाटलीत आहे का ते दोन मिनिटांत कळतं. पहिल्या बाटलीत एक पिशवीवाल्या माद्या होत्या, भरपूर पिल्लं होती, पाण्याला कुजका वास नव्हता. दुसरीत तळाला मेलेल्या पॉडचा थर होता आणि वर जेमतेम काही हलत होते. ती परत पाठवली. विक्रेत्याने बदलून दिली.

पिल्लं दिसणं महत्त्वाचं आहे हे पुन्हा सांगतो. कोपेपॉड अंड्यातून बाहेर पडल्यावर नॉप्लियसच्या सहा अवस्था आणि कोपेपोडाइटच्या पाच अवस्था पार करून प्रौढ होतो. बाटलीत फक्त प्रौढ असतील तर ते प्रवासाने थकलेले, वयाने उतरलेले असू शकतात. लहानमोठे सगळे आकार दिसले तर ते कल्चर चालू आहे.

आधी घर, मग रहिवासी

बाटल्या मागवण्याआधीच टाकीत बदल सुरू केले होते. सिक्सलाइनला सापळा लावून पकडलं आणि ज्यांच्याकडे मोठी टाकी होती त्यांना दिलं. मँडरिनला टाकीतच जाळीच्या डब्यात ठेवलं. या निर्णयावर आमची बरीच चर्चा झाली, कारण आजारी दिसणार्‍या माशाला कोंडणं मालकांना नको वाटत होतं. पण मोकळा सोडला असता तर त्याला खायला काही मिळालं नसतं आणि नवे पॉड रुजायच्या आत तो ते वेचत बसला असता. डब्यात त्याच्या समोर खाणं ठेवता येत होतं.

खाणं म्हणजे आर्टेमियाची (खार्‍या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची) ताजी पिल्लं. अंडी सुमारे २८ अंशांना चोवीस तासांत फुटतात. पिल्लांच्या पोटातला पिवळा बलक पहिल्या काही तासांतच वापरला जातो, म्हणून ती लगेच द्यायची. उरलेली फायटोत ठेवून दुसर्‍या दिवशी. कवचं वेगळी काढणं हे किचकट काम वहिनींनी आपणहून अंगावर घेतलं आणि ते त्या आमच्यापेक्षा चांगलं करत होत्या. आर्टेमियात डीएचए हे गरजेचं मेदाम्ल कमी असतं, त्यामुळे त्यावर मासा तगतो, पण ते कायमचं अन्न नव्हे. जोडीला वितळवलेले फ्रोझन पॉड आणि अगदी बारीक मायसिस (कोळंबीसारखे जीव) पिपेटने समोर सोडायचो. पहिले काही दिवस मँडरिनने फक्त हलणारं तेवढंच टिपलं. मग एकदा प्रवाहात वळणारा मायसिसचा तुकडा टिपला, थुंकला, पुन्हा टिपला. त्यानंतर गाडी रुळावर आली.

इकडे टाकीत यूव्ही बंद केला, सॉक काढला, फॉस्फेट रिमूव्हर निम्म्यावर आणलं. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास ठेवायचं ठरलं. पुढची काच घासा, मागची आणि बाजूची सोडून द्या, एवढीच मालकांना विनंती. सम्पच्या मधल्या कप्प्यात कीटोमॉर्फा शेवाळ सोडलं. हे एका जुन्या टाकीतून आणलं होतं, म्हणून आधी वेगळ्या बादलीत ठेवून अ‍ॅप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आणि चपटे कृमी आहेत का ते पाहिलं. त्यावरचा दिवा मुख्य टाकीच्या उलट्या वेळेला, म्हणजे रात्री. दगडांच्या मागे जाळीच्या पिशवीत ड्राय रॉकचे बारीक तुकडे भरून दोन ठिकाणी ठेवले. माशाचं तोंड पोचणार नाही इतकी जागा कोपेपॉडला कुठेतरी मिळालीच पाहिजे; जिथे माद्या सुरक्षित राहतात तिथूनच बाकीच्या टाकीला पुरवठा होतो.

फायटो म्हणून नॅनोक्लोरॉप्सिस आणि आयसोक्रायसिस. नॅनोक्लोरॉप्सिस वाढवायला सोपं, त्यात ईपीए हे दुसरं मेदाम्ल भरपूर. आयसोक्रायसिस जपायला जरा कठीण, पण त्यात डीएचए असतं. दोन्ही मिळून घास पूर्ण होतो. बाटली फ्रिजमध्ये, रोज एकदा हलवून ठेवायची, नाहीतर तळाशी बसून मरते. सुरुवातीला मालकांनी उत्साहात मात्रा वाढवली, पाणी हिरवट झालं आणि सम्पच्या कोपर्‍यात सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) लालसर पापुद्रा आला. मात्रा निम्मी केली, पापुद्रा सायफनने ओढून काढला, विषय संपला. फायटो संध्याकाळपर्यंत पाण्यातून दिसेनासं होत असेल तर मात्रा बरोबर. दुसर्‍या सकाळी पाणी अजून गढूळ असेल तर जास्त.

पॉड सोडले ते रात्री, दिवे गेल्यावर. बाटलीचं पाणी आणि टाकीचं पाणी हळूहळू मिसळून क्षारता जुळवली. अपोसायक्लॉप्स फरक सोसतो, टिस्बेला मी झटका देत नाही. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर नेणारा), वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा) आणि स्किमर तासभर बंद. निम्मे पॉड कीटोमॉर्फाच्या कप्प्यात, निम्मे लांब नळीने दगडांच्या बुडाशी. रिटर्न पंपातून जाताना पॉड चिरडून मरतात ही भीती छंदकर्त्यांमध्ये फार आहे. माझ्या मते तो मुद्दा गौण आहे, इतक्या लहान जिवांतले बहुतेक धडधाकट पार होतात. सॉक आणि यूव्ही हे खरे शत्रू. हीच मात्रा पिढीच्या अंतराने पुन्हा दिली, म्हणजे वेगवेगळ्या वयाचे पॉड एकाच वेळी टाकीत राहिले.

एक बाटली मात्र टाकीत गेलीच नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी पाच लिटरच्या बरणीत, हलक्या बुडबुड्यांवर, टिस्बेचं वेगळं कल्चर लावलं. टाकीत काही बिघडलं तर बियाणं हाताशी असावं, एवढाच हेतू.

फ्रॅगवरचे लाल किडे

त्या बरणीचं महत्त्व लवकरच कळलं. मालकांच्या एका परिचितांनी अ‍ॅक्रोपोराचा फ्रॅग, म्हणजे त्या प्रवाळाच्या फांदीचा तुकडा, भेट दिला. भिंगाखाली पाहिलं तर फांदीवर पिवळसर, लाल ठिपक्याचे बारीक जीव. छंदात यांना रेड बग म्हणतात; शास्त्रीय नाव टेगास्टेस अ‍ॅक्रोपोरॅनस. हाही कोपेपॉडच आहे, तोही हार्पॅक्टिकॉइड, म्हणजे टिस्बेचा नातेवाईक. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे मिल्बेमायसिन, कुत्र्यांना जंतासाठी देतात ते औषध. अख्ख्या टाकीत दिलं तर रेड बग मरतात, आणि त्यांच्याबरोबर टाकीतले बाकीचे कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड, कोळंबी आणि खेकडेही. परजीवी आणि आपले पॉड यांच्यात फरक करायला त्या औषधाला जमत नाही.

फ्रॅग अजून टाकीत गेला नव्हता हे नशीब. त्याला वेगळ्या डब्यात ठेवून तिथेच उपचार केले आणि बरेच आठवडे तो बाहेरच राहिला. रीफ टाकीत कुठलंही औषध टाकण्याआधी ते कवचधारी जीवांवर काय करतं हे बघितलंच पाहिजे. तांब्याची औषधं तर मुख्य टाकीत कधीच नाहीत. त्यांची जागा वेगळ्या क्वारंटाइन टाकीत.

मासा मोकळा सोडल्यावर

लाल टॉर्चची पाहणी दर आठवड्याला त्याच वेळी, काचेच्या त्याच कोपर्‍यात चालू होती. आधी फक्त बारीक ठिपके दिसले, मग बारीक आणि मध्यम, नंतर सगळ्या आकारांचे एकत्र. फ्लॉस पिळल्यावर वाडग्यात एक पिशवीवाल्या माद्या निघाल्या. त्या टाकीत जन्मलेल्या होत्या की ओतलेल्या, हे सांगता आलं नसतं, पण पुढच्या पिढीची पिल्लं पुन्हा पुन्हा दिसत राहिली तेव्हा शंका उरली नाही. मागच्या काचेवर तपकिरी-हिरवा थर आला होता. मालकांनी तो घासला नाही, यासाठी मी त्यांचा मनापासून आभारी आहे.

तोवर मँडरिनचं पोट भरून आलं होतं आणि तो फ्रोझन खाऊ लागला होता. पावसाळा संपता संपता डब्याचं दार उघडलं. तो पहिल्या दिवशी दगडामागे गेला आणि दिसला नाही. दुसर्‍या दिवशी मागच्या काचेवर, त्या थरावरच, थांबून थांबून टिपताना दिसला.

अपेक्षेप्रमाणे त्यानंतर काचेवरचे पॉड कमी झाले. काही आठवडे आकडा उतरत गेला आणि मग एका पातळीवर थांबला, मासा सोडण्याआधीपेक्षा बराच खाली. दिवसा उघड्या दगडावर आता काही दिसत नाही. रात्री दिसतात, आणि सम्पच्या कप्प्यात भरपूर. दर आठवड्याला बरणीतून एक काढणी होते. साधारण १२० मायक्रॉनच्या चाळणीत प्रौढ अडकतात ते टाकीत जातात, खाली उतरलेली पिल्लं बरणीत परत. रोज एकदा काचेच्या वाटीत मायसिसही दिलं जातं, मँडरिन वेळ झाली की स्वतः वाटीपाशी येतो. यूव्ही गरज पडेल तेव्हाच लागतो.

मालकांनी आता मादी आणून जोडी करायची इच्छा बोलून दाखवली आहे. संधिप्रकाशात ही जोडी दगडावरून एकत्र वर येऊन अंडी सोडते ते दृश्य कुणालाही हवंसं वाटेल. मी सध्या नको म्हटलं आहे. एका माशाने वस्ती जिथे आणून ठेवली तिथून ती अजून वर आलेली नाही, आणि दुसरा मासा आला की वेचणं दुप्पट होणार. आधी मधला कप्पा वाढवून साठ लिटरचा करायचा, त्यात दगडांचे तुकडे आणि शेवाळ भरायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात काचेवरचे ठिपके वाढलेले दिसले तरच मादीचा विचार करायचा, असं आमचं ठरलं आहे.